टपालखर्च वेगळा

जुन्या मराठी मासिकांत पुस्तकांच्या ज्या जाहिराती येत, त्यांत किमतीच्या आकड्यापुढे दोन शब्द हटकून असत : ‘टपालखर्च वेगळा’. पुण्यामुंबईच्या वाचकांचे त्या शब्दांकडे कधी लक्षही गेले नसेल. त्यांना पुस्तक हवे असले, तर ते अप्पा बळवंत चौकात जाऊन घेऊन येत. आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना मात्र त्या दोन शब्दांचा हिशेब आधी करावा लागे. पुस्तक पाच रुपयांचे, आणि ते उज्जैनपर्यंत येण्याचे हशील त्यावर वेगळे. ही बेरीज जमली तर पुस्तक यावयाचे, नाही तर ते पुढच्या दिवाळीवर जावयाचे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते वर्षाकाठी एकदोन पुस्तके व्ही. पी. ने मागवीत. व्ही. पी. ची ही सोय आपल्या देशात १८७७ सालापासून आहे आणि मनिऑर्डरची १८८० पासून. पोस्टमन पुडके घेऊन दाराशी उभा राही. त्याच्या हाती पैसे ठेवल्यावाचून पुडके मिळत नसे, आणि ते पैसे पोस्टखाते प्रकाशकास पोचते करी. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये सरकार उभे राहून दोघांचाही विश्वास सांभाळी. या व्यवस्थेत एकच भोक होते. मागविणाऱ्याने ऐन वेळी ‘नको’ म्हटले, तर पुडके परत जाई आणि जाण्याचे हशील पाठविणाऱ्याच्या माथी बसे. आमच्या वाड्यातील एका गृहस्थांनी एकदा अशी व्ही. पी. सोडविली नाही. अण्णांनी त्यांच्याशी आठ दिवस बोलणे टाकले होते. ‘पुण्याचा माणूस म्हणेल, उज्जैनचे लोक असे’, एवढेच ते आईजवळ बोलले.

हे सर्व आठवण्यास कारण गेल्या हिवाळ्यात घडले, आणि त्यात चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

अण्णा येथील एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण फळीवर मांडणारा, चेंडू पुसून जागच्या जागी ठेवणारा, टेबलाच्या हिरव्या कापडास ब्रश आणि इस्त्री करणारा, आणि एखाद्या साहेबास जोडीदार मिळाला नाही म्हणजे त्याच्याशी खेळून बहुधा हरणारा गृहस्थ. या पदावरील माणसाने मराठी कादंबऱ्या व्ही. पी. ने मागवाव्यात, याचे क्लबातील मंडळींना नवल वाटे. अण्णांना नवल वाटे ते निराळ्याच गोष्टीचे. स्नूकर हा खेळ आपल्याच प्रांतातला, हे कोणास ठाऊक नसे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे विलायतेचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) त्या वेळी चालू असलेल्या खेळात रंगीत चेंडू मिसळले आणि वूलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्यांना ज्या नावाने हिणवीत, ते नाव या नव्या खेळास चिकटले. नियम पुढे उटकमंडच्या क्लबात पक्के झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास हौशी खेळाडूंच्या बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा त्या बातमीचे कात्रण अण्णांनी देवघराच्या फळीखाली चिकटविले होते. देवघरात नव्हे, फळीखाली. मर्यादा ते जाणून होते.

क्लबाच्या एका निवृत्त सभासदाने जाता जाता आपला क्यू अण्णांना दिला. अ‍ॅश लाकडाचा, अखंड, अठ्ठावन्न इंच लांब. वजन अर्धा किलो; पण लांबीमुळे तो घरात कोठेच मावेना. तो दाराआड उभा असे. अशी काठी वर्षानुवर्षे कलती उभी राहिली की वाकते, हे अण्णांना माहीत होते, म्हणून ते दर महिन्यास ती फिरवून ठेवीत. अण्णा गेल्यावर ते काम आमच्याकडे आले. जुन्या काळी अशा अखंड क्यूंसाठी पत्र्याच्या, काळ्या रोगणाच्या, एका टोकास निमुळत्या होत जाणाऱ्या लांब नळ्या मिळत. तशी एक मिळावी, ही अण्णांची इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

गेल्या डिसेंबरात पुतण्याने आपल्या मोबाइलवर एक जाहिरात दाखविली. बडोद्याच्या एका बाईंनी तशीच नळी विकावयास काढली होती. अडीच हजार रुपये. आमचे हात थरथरले. परंतु बाजारात पाऊल टाकले की आमच्यातला शहाणा माणूस जागा होतो, तसा तो झाला. आम्ही दोन हजार सांगितले. वस्तू वडिलांच्या स्मरणार्थ हवी आहे, हेही जोडले. बाईंनी एका ओळीत मान्य केले. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ आली : पाठविण्याचा खर्च सातशे ऐंशी रुपये.

येथे आमचा तोल गेला. तीस वर्षे निबंध तपासणाऱ्या हाताने आम्ही बारा ओळी लिहिल्या. सौदा ठरल्यावर खर्च सांगणे हे सभ्य व्यवहारात बसत नाही. रिकामी पत्र्याची नळी किलोभर असेल, तिला तीनशेहून अधिक लागू नयेत. उरलेली रक्कम कशाची, याचा खुलासा व्हावा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

खुलासा सायंकाळी आला. कुरियरचे पाचशे साठ. पाण्याच्या जाड प्लॅस्टिक नळाचा पाच फुटी तुकडा आणि त्याची दोन झाकणे, एकशे चाळीस. रिक्षाचे, जाऊनयेऊन दोन खेपांचे, ऐंशी. खाली लिहिले होते : ‘खर्च आधीच सांगावयास हवा होता हे खरे. मलाच माहीत नव्हता. ह्यांच्या वस्तू मी पहिल्यांदाच विकते आहे. आपणांस नको असेल तर तसे कळवावे, राग नाही.’

त्या रात्री आम्ही तो हिशेब शिक्षकाच्या वृत्तीने तपासला आणि कुरियरवाल्यांचे गणित प्रथमच समजून घेतले. मोठ्या पण हलक्या वस्तूचे ते काट्यावरचे वजन धरीत नाहीत. आकारमानावरून वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावयाची आणि बहुतेक ठिकाणी तिला पाच हजारांनी भागावयाचे. येईल ते किलो. या वजनात आणि खऱ्या वजनात जे अधिक, त्यावर आकार. पत्र्याची नळी सुरक्षित राहावी म्हणून बाईंनी ती अकरा सेंटिमीटर व्यासाच्या नळात घातली होती, लांबी एकशे पंचावन्न. एकशे पंचावन्न गुणिले अकरा गुणिले अकरा भागिले पाच हजार : पावणेचार किलो. काट्यावर ते सारे अडीच किलोच भरत होते. विमानात किंवा मोटारीत हवा जागा अडविते आणि त्या हवेचे भाडे आपण भरतो. मधून उघडणाऱ्या दोन तुकड्यांच्या क्यूची पेटी असती, तर ऐंशी सेंटिमीटरांत मावली असती आणि हेच गणित दोन किलोंच्या आत आले असते. म्हणून क्यू किंवा त्याची पेटी घेणाऱ्याने वजन विचारू नये. बांधल्यावर लांबी किती होईल, ते विचारावे. पाच फुटांची अखंड वस्तू ही टपालाच्या दृष्टीने निराळीच जात आहे. खडू ठेवण्याची पितळी डबी, टोकाचे चामडे बसविण्याचा चिमटा, सांध्यावरची टोपणे या वस्तू लहान लिफाफ्यातही जातात. त्यांच्यासाठी कोणी पाचशे मागू लागला, तर मात्र खुलासा मागण्यास हरकत नाही.

बाईंचा आकडा अचूक होता. आमचा तीनशेचा आकडा हवेतला होता.

यातून दुसराही प्रश्न निघाला : कायदा काय म्हणतो? २०२० च्या ई-व्यापाराच्या नियमांनुसार दुकानदाराने एकूण किंमत एका आकड्यात आणि तीत टपाल, बांधणी वगैरे काय काय आहे ते फोडून दाखविले पाहिजे. ‘टपालखर्च वेगळा’ म्हणून गप्प बसण्याची मुभा आता व्यापाऱ्यास नाही. परंतु तेच नियम आपल्या घरची वस्तू धंदा म्हणून नव्हे तर खासगीरीत्या विकणाऱ्या व्यक्तीस लागू नाहीत. म्हणजे बडोद्याच्या बाई आणि आम्ही यांच्यामध्ये कोणी उभे नव्हते. पोस्टमनही नव्हता. १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे खरा; पण तो वाचल्यावर आमची झोप अधिकच उडाली. वेगळे काही ठरले नसेल, तर विक्रेत्याने माल वाहकाच्या हवाली केला की तो प्रथमदर्शनी ग्राहकाच्याच हवाली झाला, असे तो कायदा धरतो. वाटेत नळी चेपली, हरवली, तर तोटा बहुधा आमचा. वस्तूच्या स्वरूपास योग्य अशी पाठवणी करणे एवढे विक्रेत्याकडे. बाईंनी एकशे चाळीस रुपयांचा नळ घेतला, तो या कर्तव्यापोटी. आणि आम्ही त्याच नळाबद्दल खुलासा मागत होतो!

असे व्यवहार वरचेवर करणाऱ्या काही शौकिनांशी पुतण्याने आमचे बोलणे करून दिले. इंदूर, नागपूर, हैदराबाद येथली ही मंडळी जुन्या क्यूंची टोपणे आणि निळ्या खडूंची जुनी खोकी जमवितात. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या खेळाडूने हॉस्किन्स नावाच्या रसायनज्ञाच्या साह्याने १८९७ साली या खडूचे पेटंट घेतले, आणि त्यात खडू असा मुळी नसतोच, हे आम्हांस त्यांच्याकडूनच कळले. शाळेत आयुष्यभर खडू उगाळलेल्या माणसास ही माहिती मोलाची वाटली. असो. या मंडळींच्या काही अलिखित रीती आहेत आणि त्या ऐकताना आम्हांस वारंवार अण्णांची आठवण होत होती.

किमतीची घासाघीस करण्याआधी खर्च विचारावा. विक्रेत्यास ठाऊक नसेल तर आपला पिनकोड कळवून थांबावे. एकदा ‘घेतो’ म्हटले की घ्यावे. वस्तू राखून ठेवावयास सांगून गडप होणारा आणि व्ही. पी. न सोडविणारा, दोघे एकाच पंक्तीचे. एकाच माणसाकडून दोन वस्तू घेतल्या, तर एकत्र पाठविण्याची विनंती आधी करावी, पुडके बांधून झाल्यावर नव्हे. एका कोलकात्याच्या विक्रेत्याने दोन वस्तू एकाच खोक्यात पाठवून हशिलातले वाचलेले साठ रुपये मागितल्याविना परत केले, त्याचे नाव ही मंडळी आदराने घेतात. पुडके पोचले की त्याच दिवशी पोच द्यावी, कारण पाठविणाऱ्याचा जीव टांगलेला असतो. उघडताना छायाचित्रे काढावीत. काही मोडले असेल तर ती उपयोगी पडतात. आणि पावती जपावी. २०२५ सालापासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. ‘रजिस्टरनेच पाठवा’ हा आमच्या पिढीचा हट्ट आता त्या शब्दांत धरून चालत नाही. पुस्तकांना मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ची सवलत आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोंपर्यंत शंभर, कर निराळा. क्यूला असली सवलत कोण देणार?

परदेशातून मागविणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवू, कारण आपल्या वाचकांची मुलेबाळे परदेशी असतात आणि मोह तिकडूनच येतो. पुडक्यावर सीमाशुल्कासाठी सी. एन. २२ किंवा २३ हे पत्रक लावावे लागते. त्यावर ‘भेट’ लिहा, किंमत कमी टाका, असे विक्रेत्यास सुचविणे म्हणजे आपल्या लबाडीवर त्याची सही घेणे. शिवाय टपालाने येणाऱ्या भेटींना मिळणारी पाच हजारांची जुनी माफी डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेण्यात आली; राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. आणि पुडके हरवले, तर भरपाई मिळालीच तर ती लिहिलेल्या किमतीपुरती. शंभर लिहिणाऱ्यास शंभर.

याच सुमारास आम्हांस आणखी एक वस्तू दाखविण्यात आली. जुने हस्तिदंती चेंडू, तीनांचा संच. विकणाऱ्याने खात्रीने सांगितले की, शंभर वर्षांपूर्वीचे असल्यामुळे त्यांना कायदा लागत नाही. लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार, मग तो देशी असो की आफ्रिकी, आपल्याकडे बंद आहे. वस्तू जुनी म्हणून तिची विक्री सुटत नाही. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत. या खेळापायी किती हत्ती गेले, म्हणून तर एकोणिसाव्या शतकात चेंडूंसाठी दुसरे द्रव्य शोधण्याची खटपट झाली आणि तीतून हायट या अमेरिकन कारागिराचे सेल्युलॉइड पुढे आले. आम्ही नकार कळविला. तेथे टपालखर्च विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एका महाभागाने तर आमच्याकडे काही विकण्यास नसताना, ‘तुमची वस्तू घेतो, पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाका’, असा निरोप धाडला. यू. पी. आय. वर पैसे घेण्यास पिन कधीच लागत नाही, एवढे वाचकांनी, विशेषतः घरी एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, ध्यानात ठेवावे. फसगत झालीच तर तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक १९३० आहे. मालविक्रीच्या कायद्याचे साल तेच, हा योगायोग लक्षात ठेवण्यास बरा.

आता बडोद्याकडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी आम्ही बाईंना सातशे ऐंशी रुपये पाठविले, कमी केलेले पाचशेही पाठविले आणि चार ओळी लिहिल्या. त्या बारा ओळींहून जड गेल्या. सातशे ऐंशी ठेवून पाचशे तासाभरात परत आले. ‘किंमत ठरली ती ठरली’, असे बाईंचे उत्तर. पुढे लिहिले होते की, त्यांचा भाचा महाकालाच्या दर्शनास येणार आहे, तो गाडीतून नळी आणू शकेल, म्हणजे खर्चही वाचेल. आपण कसे सांगता?

येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर वस्तू धाडणे ही आपल्या बाहेरगावच्या मराठी घरांची पिढीजात टपालसेवा आहे. लोणच्याच्या बरण्या, मुलीची साडी, पंचांग, सारे असेच आले. तिचे हशील शून्य, असे आपण मानतो. पण ते भरतो तो नेणारा. पाच फुटांची नळी घेऊन शयनयानात रात्र काढणारा आणि मग नानाखेड्याचे घर शोधत फिरणारा तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर आला. आम्ही ‘कुरियरनेच पाठवा’ असे कळविले.

पाचव्या दिवशी नळ आला. दोन्ही झाकणांवर बाईंनी पक्की चिकटपट्टी गुंडाळून वर आमचे नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिले होते. आतील पत्र्यास पोचा नाही. अण्णांचा क्यू तीत दोन बोटे राखून बसला. परंतु तो घालताना तळाशी काही अडखळले. नळी उलटी केली तेव्हा निळ्या खडूचा झिजलेला चौकोन आणि हात पुसण्याचे एक तपकिरी फडके बाहेर पडले. फडक्याच्या कोपऱ्यात दोऱ्याने दोन इंग्रजी अक्षरे काढली होती.

आम्ही पोच दिली आणि या दोन वस्तूंचे काय करावे, ते विचारले. विकत घेतली होती ती नळी. आतले आमचे नव्हते. उत्तर येण्यास त्या दिवशी वेळ लागला. ‘अक्षरे मीच काढली होती. फडके पाठवावे, खडू आपणांस राहू द्यावा. आणि टपालखर्च किती झाला ते कळवावे.’

फडके घडी घालून लिफाफ्यात घातले, स्पीड पोस्टाने रवाना केले. खर्च कळवावा की नाही, यावर आमच्या घरी बराच खल झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे, एवढ्याशा रकमेसाठी त्या माउलीस आकडा कसला कळविता? आम्ही पावती पुन्हा एकदा पाहिली आणि तीवरचा आकडा पैशांसकट लिहून पाठविला. सायंकाळी तेवढेच पैसे आले.